रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून खचू नकोस

अगं, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे दुखणं खोटं नाही. फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दुखत राहण्याच्या या आजारात, मेंदू आणि मज्जारज्जू वेदना वाढवून दाखवतात, रक्तात ते दिसत नाही. थायरॉईड मात्र तपासून घे. पूर्वी हा आजार ओळखायला डॉक्टर अंगावरचे १८ बिंदू दाबून बघायचे. २०१० च्या निदानाच्या निकषांत थकवा, झोप, विसरभोळेपणाही धरला. मला तर पोळ्या लाटताना लाटणं जड व्हायचं, ब्लाउजची शिवणसुद्धा टोचायची. आता चार पोळ्या झाल्या की बसते, मग उरलेल्या. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर आवरायला काढू नकोस गं, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. चालणं १० मिनिटांपासून सुरू कर, हळूहळू वाढव. आणि पेनकिलर मनाने घेऊ नकोस, यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही, संधिवाततज्ज्ञांना दाखव.