मॅडम मुलीच्या वयाच्या आहेत

प्रश्न : मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून आहे, नोकरी 26 वर्षांची. नव्या तहसीलदार मॅडम थेट भरतीतून आल्या आहेत, वय 28. माझ्या टिप्पणीवर ‘नियम दाखवा’ असा शेरा मारून फाईल परत पाठवतात. परवा जमिनीच्या नोंदीतली चूक दुरुस्त करायच्या, म्हणजे कलम 155 च्या प्रकरणात पक्षकारांसमोरच मला गप्प केलं. काय करावं?

उत्तर : त्या शेऱ्यात अपमान शोधू नका. आदेशावर सही त्यांची, अपिलात तो टिकला नाही तर ठपकाही त्यांच्यावर. टिप्पणीत ‘प्रथेप्रमाणे’ लिहिलं असेल तर शेरा येणारच. थेट आलेल्या अधिकाऱ्याला कलम पाठ असतं. ते कुठे लावू नये, हे फायली हाताळून कळतं. ते तुमच्याकडे आहे, पण कागदावर उतरत नाही.

155 चंच घ्या. जमीन महसूल संहितेच्या या कलमाखाली लेखनातली चूक दुरुस्त होते. संगणकीकरणात 0.40 हेक्टरचं 0.04 झालं आणि जुना हस्तलिखित सातबारा जोडलेला आहे, तर बसतं. पण वारसाच्या फेरफारातच बहिणीचं नाव घेतलेलं नाही आणि आता ‘दुरुस्ती’ म्हणून लावायचंय, तर बसत नाही. तिथे फेरफाराविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम 247 चं अपील. असे अर्ज 155 मध्ये घुसवायला एजंट टपलेलेच असतात, आणि नवा साहेब आला की जास्तच. म्हणून टिप्पणीत अर्जदाराची मागणी, मग पान क्रमांकासह कागद काय सांगतात ते, मग कलम बसतं की नाही आणि का, एवढं लिहा. आपलं मत एका ओळीत. खाली ‘आदेशार्थ सादर’.

फाईल सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर जाऊ द्या. सुनावणीत मॅडम चुकताहेत असं वाटलं तर ‘मॅडम, पान 14 बघावं’ एवढंच म्हणा. परवाच्या प्रसंगाबद्दल बोलायचं तर केबिनमध्ये, दोघंच असताना : ‘चूक असेल तर जरूर सांगा, पण लोकांसमोर नको. आपल्यात एकमत नाही हे बाहेर कळतं.’ ‘ताई’, ‘बेटा’ मात्र कौतुकानंही नको.

तोंडी आदेश पटला नाही तर वाद घालू नका. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना लागू असलेल्या वर्तणूक नियम, 1979 मधल्या नियम 3 नुसार वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यायचा असतो. त्याच दिवशी टिप्पणीवर ‘आज झालेल्या चर्चेत दिलेल्या सूचनेनुसार’ असं लिहून, आपली हरकत खाली नोंदवून फाईल सहीला ठेवा. आठवडाभरानं लिहिलेली अशी नोंद मागाहून घुसवल्यासारखी दिसते.