'डिस्कस'पुढे 'अबाउट' का येत नाही, आणि 'डिस्कशन'पुढे का येतं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. नागपूरच्या मिहानमधली (विमानतळाजवळचा उद्योगांचा परिसर) नोकरी, परदेशी क्लायंटला रोज मेल, आणि टीम लीड दर वेळी त्याच तीन ठिकाणी लाल खूण करून परत पाठवतो: 'आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट द डिझाइन', 'आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह', 'प्लीज काँटॅक्ट टू मी'. सीताबर्डीवरच्या क्लासनं दिलेली क्रियापदं आणि प्रीपोझिशनची (ऑन, फॉर, टू असे जोडशब्द) यादी पाठ आहे, तरी चुका थांबत नाहीत. आता आणखी मोठी यादी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. माझ्या मते खरं नुकसान यादीच करते. मला मिळालेली यादीही अशीच होती: डावीकडे क्रियापद, उजवीकडे प्रीपोझिशन, संपलं. कारण विचारलं की त्या क्लासमध्ये एकच उत्तर मिळायचं, 'इंग्रजीत तसंच असतं, रट्टा मारा.' फी घेऊन असं उत्तर देणं मला आजही पटत नाही, कारण कारण आहे आणि ते पाच मिनिटांत सांगता येतं. शिवाय अशा याद्यांत फक्त प्रीपोझिशन लागणारी क्रियापदं असतात: डिपेंड ऑन, वेट फॉर, लिसन टू. तुमची तिन्ही क्रियापदं प्रीपोझिशन न लागणारी आहेत. ती त्या यादीत येणारच नाहीत. उलट यादी पाठ केल्यामुळे प्रत्येक क्रियापदापुढे काहीतरी लावायची सवय होते.

आता कारण. इंग्रजीत बरीच क्रियापदं कर्म थेट घेतात, मध्ये काही लागत नाही. नामाला मात्र तसं थेट कर्म घेता येत नाही, त्याला प्रीपोझिशन लागतं. आणि आपली मराठी क्रियापदं बघा: चर्चा करणं, विनंती करणं, संपर्क साधणं, भेट देणं, परिणाम होणं, उपचार करणं. सगळ्यांच्या पोटात नाम बसलंय. त्यामुळे आपण 'डिझाइनवर चर्चा', 'रजेची विनंती', 'एचआरशी संपर्क' असं प्रत्ययासकट बोलतो, आणि इंग्रजीत जाताना नामाचं प्रीपोझिशन क्रियापदाला चिकटवतो. 'डिस्कस अबाउट' अशानंच तयार होतं. 'डिस्कशन अबाउट' अगदी बरोबर आहे, आणि ते ऐकलेलं असल्यामुळे 'डिस्कस अबाउट' कानाला खटकतही नाही.

म्हणून वहीत एक क्रियापद एका ओळीत लिहू नका. दोन ओळी लिहा, वर क्रियापदाचं वाक्य आणि खाली नामाचं. वर 'वी व्हिझिटेड दीक्षाभूमी', खाली 'अवर व्हिझिट टू दीक्षाभूमी'. वर 'द हेलस्टॉर्म अफेक्टेड द ऑरेंज क्रॉप', खाली 'द इफेक्ट ऑन द ऑरेंज क्रॉप'. वर 'ही लॅक्स एक्स्पिरियन्स', खाली 'लॅक ऑफ एक्स्पिरियन्स'. वर 'शी एम्फसाइझ्ड सेफ्टी', खाली 'एम्फसिस ऑन सेफ्टी'. अशाच जोड्या आन्सर, ऑर्डर, अटॅक, डिमांड, रिझेम्बल आणि रिझेम्ब्लन्स यांच्या करा. स्वतःच्या कामातलं वाक्य हवं, पुस्तकातलं नको.

तुमची वाक्यं अशी होतील: 'आय वॉन्ट टू डिस्कस द डिझाइन', 'आय वुड लाइक टू रिक्वेस्ट टू डेज लीव्ह', 'प्लीज काँटॅक्ट मी'. (जाता जाता, त्या 'डेज'मधल्या एसनंतर अपॉस्ट्रॉफी लागतो. 'लीव्ह फॉर टू डेज' लिहिलंत तर तो प्रश्नच येत नाही.)

हे सगळ्या क्रियापदांना लागू नाही, एवढं लक्षात ठेवा. अप्लाय फॉर आणि ॲप्लिकेशन फॉर, डिपेंड ऑन आणि डिपेंडन्स ऑन, कम्प्लेन अबाउट आणि कम्प्लेंट अबाउट, इथं दोन्हीकडे प्रीपोझिशन आहे. मग कोणतं क्रियापद कुठल्या गटातलं हे कसं ओळखायचं? एक परीक्षा बऱ्याचदा चालते. वाक्य पॅसिव्ह करून बघा. 'द इश्यू वॉज डिस्कस्ड' हे मीटिंगच्या मिनिट्समध्ये तुम्ही शंभरदा वाचलंय आणि तिथं शेवटी 'अबाउट' कधीच नव्हता. म्हणजे ॲक्टिव्हमध्येही नको. 'द इश्यू इज बीइंग लुक्ड इन्टू' यात मात्र 'इन्टू' शेवटी तसाच राहतो, काढला तर वाक्य मोडतं. म्हणजे ॲक्टिव्हमध्येही हवा. रीच आणि मॅरी यांच्यासाठी ही युक्ती फारशी कामाची नाही, ती दोन वेगळी लक्षात ठेवा: 'आय रीच्ड नागपूर', पण 'आय अराइव्ह्ड इन नागपूर' आणि 'ॲट अजनी स्टेशन'; 'शी मॅरीड हिम', पण 'शी इज मॅरीड टू हिम'. दोन्हीकडे 'विथ' नाही.

दुसरा मोठा घोळ आपल्या '-वर'चा. अवलंबून असणं, लक्ष केंद्रित करणं, पैसे खर्च करणं, इथं '-वर' म्हणजे 'ऑन' जुळतं, त्यामुळे विश्वास बसतो. पुढे मग 'लाफ ऑन मी' होतं. हसणं 'लाफ ॲट', रागावणं 'अँग्री विथ', आणि प्रेम, उपचार, मात यांची क्रियापदं तर काहीच घेत नाहीत: लव्ह, ट्रीट, ओव्हरकम. ट्रस्टही थेट जातं, पण बिलीव्हचं जरा बघून. 'आय बिलीव्ह यू' म्हणजे तुझं बोलणं खरं मानतो, 'आय बिलीव्ह इन यू' म्हणजे तुझ्या कुवतीवर भरवसा आहे.

नागपुरात आणखी एक अडचण आहे, ती पुण्याकडच्या पुस्तकांत कोणी लिहीत नाही. आपण दिवसभर हिंदी आणि मराठी दोन्ही बोलतो. मराठीत 'त्याला विचार', म्हणून 'आस्क टू हिम' येतं. हिंदीत 'उससे पूछो', म्हणून तोच माणूस संध्याकाळी 'आस्क फ्रॉम हिम' म्हणतो. दोन्ही चूक, 'आस्क हिम'. चूक कुठल्या भाषेतून आली ते कळलं की ती लवकर सुटते, म्हणून वहीत चुकीपुढे 'म' किंवा 'हिं' असं लिहून ठेवा. सांगण्याच्या क्रियापदांत तर फार काळजी लागते: 'टेल मी', पण 'से टू मी', 'एक्स्प्लेन इट टू मी', 'सजेस्ट इट टू मी'. 'एक्स्प्लेन मी' क्लायंटला लिहू नका.

मेलच्या शेवटचं 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू' सगळ्या ऑफिसांत चालू आहे आणि ते चूक आहे. तो 'टू' प्रीपोझिशन आहे, त्यामुळे पुढे 'हिअरिंग' हवं. 'टू'नंतर एखादं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर रिप्लाय' जमतं ना, मग क्रियापदाला आयएनजी लावा. यूज्ड टू (सवय असण्याच्या अर्थानं), ऑब्जेक्ट टू, कमिटेड टू, सगळे तसेच.

प्रश्नात प्रीपोझिशन गळतं तेही बघा: 'हू आर यू वेटिंग?' नाही, 'हू आर यू वेटिंग फॉर?' वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन ठेवू नये असं शाळेत सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की बोलताना आणि मेलमध्ये हे ऐकू नका. रोजच्या इंग्रजीत ते शेवटीच येतं.

'कोप अप विथ'मधला 'अप' काढा. आणि टर्न ऑफसारख्या जोड्यांत 'इट' मध्ये जातं: 'टर्न इट ऑफ', 'टर्न ऑफ इट' नाही. पण लुक आफ्टर तुटत नाही, 'लुक आफ्टर इट'च.

शब्दकोश वापरायचा तर शिकणाऱ्यांसाठीचा वापरा, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमनचा, ऑनलाइन फुकट आहेत. मराठी अर्थ देणारं ॲप या कामाचं नाही, ते क्रियापदापुढे काय येतं ते सहसा दाखवत नाही. लर्नर्स डिक्शनरीत 'डिस्कस समथिंग विथ समबडी' असा पूर्ण साचा छापलेला असतो: वस्तू थेट, माणूस 'विथ'नं. हा साचा उचला. अग्रीसारख्या शब्दाला तर साच्याशिवाय गत्यंतर नाही: माणसाशी 'विथ', प्रस्तावाला 'टू', तारखेवर 'ऑन'. अप्लायचंही तसंच, विद्यापीठाकडे 'टू', जागेसाठी 'फॉर'.

आज रात्री एक काम करा. मेलच्या सेंट फोल्डरमध्ये 'डिस्कस अबाउट', 'रिक्वेस्ट फॉर', 'काँटॅक्ट टू', 'एम्फसाइझ ऑन', 'रिव्हर्ट बॅक' (यातला 'बॅक' जादा आहे) हे एकेक अवतरणचिन्हांत टाकून शोधा. जे निघेल ती तुमची यादी. 'रिक्वेस्ट फॉर'मधले काही बरोबर निघतील, जिथं रिक्वेस्ट नाम आहे. ते वेगळे काढता आले म्हणजे विषय समजला.

मी वकील किंवा भाषाशास्त्रज्ञ नाही, आणि काही गोष्टी देशागणिक बदलतात. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात 'अपील अगेन्स्ट द ऑर्डर' लिहितात, अमेरिकन माणूस 'अपील द ऑर्डर' लिहील. फॉर्म आपण 'फिल इन' किंवा 'फिल अप' करतो, ते 'फिल आउट' करतात. तुमचा क्लायंट अमेरिकन असेल तर त्याच्या मेलमधलं रूप घ्या आणि टीम लीडला तसं आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिथं विनाकारण लाल खूण पडणार नाही.