पोथी उघडली, पण ओळ पुढं सरकंना

समुपदेशनाला येणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या माणसांकडून एक तक्रार फार वेळा ऐकू येते. निवृत्ती, जोडीदाराचं जाणं, मुलीचं लग्न, गाव सोडून मुलाकडं राहायला जाणं, असं काहीतरी नुकतंच घडलेलं असतं. घरचे सांगतात, "ग्रंथ वाचा, मन शांत होईल." माणूस श्रद्धेनं बसतो, पण मन लागत नाही. मग मूळ दुःखावर आणखी एक दुःख चढतं : माझ्यात श्रद्धाच उरली नाही का?

अंबड तालुक्यातले एक गुरुजी हेच घेऊन आले होते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि हे लिहायला त्यांची संमती आहे.) जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांची चौतीस वर्षं नोकरी झाली. त्यांच्या पिढीतल्या अनेकांसारखी त्यांचीही दाखल्यावर जन्मतारीख १ जून, म्हणजे निवृत्ती ३१ मे. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि ज्ञानेश्वरी मिळाली. जूनच्या मध्यात शाळा उघडल्या आणि त्याच आठवड्यात त्यांनी सात दिवसांचं पारायण धरलं. तिसऱ्या दिवशी ते तुटलं.

"दहा ओव्या वाचतो आन् काय वाचलं ते ध्यानातच राहत नाही. पारायण अर्धवट सोडलं. दोष लागंल का, सर?"

पहिल्या भेटीत ग्रंथाविषयी फारसं बोलणं झालं नाही. दिवसाचा हिशेब मात्र तासातासानं लिहून घेतला. त्यात दिसलं ते असं : पहाटे तीनला जाग, सकाळी नऊपर्यंत बरं, साडेदहाला छातीत धडधड. ही शाळेच्या घंटेची, परिपाठाची वेळ. त्या वेळी ते देवघरात जाऊन बसत आणि दोन-तीन वाजेपर्यंत बाहेर येत नसत. बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, जेवायला हाका मारून थकायच्या. वाचन दिसायला भक्तीचं होतं, पण साडेदहाच्या रिकामपणापासून लपायची ती जागा झाली होती. अशा वाचनातून दिलासा मिळत नाही, कारण सगळं बळ न आठवण्यातच खर्च होतं.

दुसरी अडचण साध्या गणिताची. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. सात दिवसांत म्हणजे रोज जवळपास तेराशे. मिनिटाला पाच ओव्या म्हटल्या तरी सव्वाचार तास सलग बैठक. सप्ताहात हे जमतं, कारण तिथं व्यासपीठ असतं, शंभर जणांचा सूर असतो, पंगत असते, काकड्यापासून कीर्तनापर्यंतचा दिवस बांधलेला असतो. एकट्यानं, झोप उडालेली असताना, ताज्या घावावर ते जमेलच असं नाही. दुःखात लक्ष टिकत नाही. वाचलेलं ध्यानात न राहणं हे शरीराचं लक्षण आहे, श्रद्धेचं माप नव्हे.

तिसरं कारण तर चष्मा निघालं. नंबर चार वर्षांपूर्वीचा आणि प्रत बारीक टाइपाची. डोळे तपासून आधी नवा चष्मा केला आणि मोठ्या अक्षरांची, खाली अर्थ दिलेली सार्थ प्रत घेतली. साठीच्या आसपास वाचनातून मन उडालं असं कुणी म्हटलं, तर मोतीबिंदू आणि चष्म्याचा नंबर आधी बघून घ्यावा.

दोष लागेल का, याचं उत्तर समुपदेशकानं देऊ नये असं आमचं मत आहे. तो आमचा अधिकार नाही. गुरुजींना त्यांच्याच गावातल्या वयोवृद्ध विणेकऱ्यांकडं पाठवलं. ते म्हणाले, "माउली म्हणता ना? मग लेकरू अर्ध्या ताटावरून उठलं म्हणून आई दोष देती का? खूण घाला, उद्या तिथून वाचा." गुरुचरित्राच्या पारायणाचे नियम कडक असतात आणि ती धास्ती लोक नकळत प्रत्येक पोथीला लावतात. गुरुजींचंही तेच झालं होतं.

मग वाचन नव्यानं लावलं. पहिल्या अध्यायाऐवजी बारावा घेतला : भक्तियोग, २४७ ओव्या. रोज फक्त दहा, म्हणजे पंचवीस दिवस. सकाळी सातला, चहा झाल्यावर, वीस मिनिटं, घड्याळ लावून. दहा ओव्या मोठ्यानं म्हणायच्या, मग अर्थ वाचायचा, मग त्याच ओव्या परत मोठ्यानं. आवाज काढून वाचलं की श्वास लांबतो आणि भरकटलेलं मन लवकर हाती येतं. शेवटी वहीत एकच ओळ, स्वतःच्या दिवसाशी जोडलेली. "खूप सुंदर विचार" असं लिहायला मनाई. वीस मिनिटं झाली की पोथी बंद, कितीही गोडी लागली तरी. ही अट त्यांना सगळ्यात जड गेली, पण लपायची जागा परत तयार होऊ नये म्हणून ती गरजेची होती.

विसाव्या दिवशी झाडाची ओवी आली. तोडायला घाव घालणारा आणि लावणारा, दोघांनाही झाड सारखीच सावली देतं, असा तिचा भाव. गुरुजींनी शाळेत लावलेला लिंब नव्या खोलीच्या बांधकामात तोडला गेला होता. वहीत त्या दिवशी दोनच शब्द होते : "शाळेतला लिंब." भेटीत ते त्या पानावर बोट ठेवून बराच वेळ बसले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. ग्रंथ वाचताना रडू आलं तर घरच्यांनी पुस्तक काढून घेऊ नये. शेजारी बसावं.

साडेदहाची वेळ मात्र ग्रंथानं भरली नाही. त्या वेळी घराबाहेर पडायचं ठरलं : पेन्शनच्या फायलीचं काम, बाजार, शेताकडं फेरी. आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर, ज्यांना अक्षर दिसत नाही त्यांना अर्धा तास वाचून दाखवायचं. पहिला आठवडा फसला. गुरुजी वर्गात शिकवावं तसे प्रत्येक ओवी समजावून सांगू लागले आणि बारा जणांचे चार झाले. मग ठरवलं, वाचायचं आणि गप्प राहायचं. तेव्हा ऐकणारे बोलू लागले. गंगाखेडकडून सून म्हणून आलेल्या एका आजींना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. त्या म्हणत, बाकीचे साथ धरत.

ज्ञानेश्वरी सगळ्यांना लागू पडेल असं नाही. ज्यांना मुद्देसूद, स्पष्ट बोलणं आवडतं त्यांना दासबोध जवळचा वाटतो. समर्थांचं जन्मगाव जांब जालना जिल्ह्यातलंच. दासबोधात वीस दशकं, दोनशे समास, त्यामुळं रोज एक समास हे माप आपोआप मिळतं. अगदी ताज्या दुःखात, पहिल्या महिन्याभरात, मोठा ग्रंथ नकोच. तेव्हा पाठ असलेला हरिपाठ किंवा रोज दोन मनाचे श्लोक पुरतात. तिथं समजून घ्यायचा ताण नसतो, जीभ आपोआप चालते. पैठणच्या नाथांचं एकनाथी भागवत थोर आहे, पण त्यात अठरा हजारांवर ओव्या आहेत. सुरुवातीला ते हाती घेऊ नये. आणि एका वेळी एकच ग्रंथ. चार पोथ्या एकदम काढणारा माणूस बहुधा चारही मिटून ठेवतो.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक रोज उदासी, झोप आणि भूक मोडलेली, कशातच गोडी नाही, असं असेल तर पारायण वाढवू नका, डॉक्टरांकडं जा. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. गुरुजींना हे सगळं पहिल्याच भेटीत थेट विचारलं होतं. जीव नकोसा झालेला नव्हता, पण पहाटेची जाग होती, म्हणून डॉक्टरांची तपासणी करून घेतली. गोळी लागली असती तरी पोथी चालूच ठेवता आली असती. दोन्हींचं वैर नाही.

चौथ्या भेटीला ते वही घेऊन आले. बारावा अध्याय संपला होता, झोप पाचपर्यंत सरकली होती. तेराव्यात अकराशेहून जास्त ओव्या. दहाच्या हिशेबानं जवळपास चार महिने.

"संक्रांत येईल तोवर," बाई म्हणाल्या.

"येऊ दे की," गुरुजी म्हणाले आणि पंचवार्षिक नियोजन करावं तशा वहीत तारखा टाकू लागले. बाईंनी वही मिटून पिशवीत घातली. पाराची वेळ झाली होती.