वाचकांचे प्रश्न : फादर येत नाहीत तो रविवार, आणि आणखी दोन शंका

प्रश्न : आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. फादर महिन्यातून एकदाच मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) करायला येतात; नाल्याला पूर असला की तेही नाही. धर्मग्रामाचं (पॅरिशचं) चर्च लांब, रविवारी एसटी मिळत नाही. मिस्सा चुकल्याचं पाप लागतं काय? बाकीच्या रविवारी आम्ही काय करावं?
– एक वाचक, ता. धारणी

उत्तर : पाप लागत नाही. जे शक्यच नाही त्याचं बंधन चर्च कुणावर घालत नाही. आधी एवढं पाहा की शनिवारी संध्याकाळी जवळपास कुठे मिस्सा होते का. तिला गेलात तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. तेही जमत नसेल, तर चर्चच्या कायद्याचं कलम १२४८ आग्रहाने सांगतं की एकत्र जमून शब्दविधी (बायबल-वाचन आणि प्रार्थनेची सभा) करा, नाहीतर घरी कुटुंबासह प्रार्थना करा. मोबाईलवरची मिस्सा आजारी माणसाला आधार देते, पण ती जमण्याची जागा घेत नाही. चार घरं जमू शकत असतील तर जमाच.

क्रम सोपा आहे : क्रॉसची खूण, क्षमायाचना, पहिलं वाचन, स्तोत्र, दुसरं वाचन, शुभवर्तमान, थोडी शांतता, विश्वासांगीकार (‘मी विश्वास ठेवतो’ ही प्रार्थना), विनंत्या, प्रभूने शिकवलेली प्रार्थना, शेवटी स्तुतिगीत. पाऊण तास पुरतो. वाचणाऱ्याने आदल्या रात्री उतारा दोनदा मोठ्याने वाचून ठेवावा. तिथेच अडखळला की ऐकणाऱ्यांचं लक्ष उडतं.

सर्वांत जास्त घोळ होतो तो वाचनं शोधताना. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्याने येतात. सनाच्या आकड्याला ३ ने भागा : बाकी १ उरली तर ‘अ’ वर्ष (मत्तयचं शुभवर्तमान), २ उरली तर ‘ब’ (मार्क), काही उरलं नाही तर ‘क’ (लूक). म्हणजे २०२६ हे ‘अ’ वर्ष. पण उपासनेचं वर्ष जानेवारीत नव्हे, आगमनकाळाच्या (नाताळाच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारी सुरू होतं. म्हणून नोव्हेंबरअखेर-डिसेंबरात पुढच्या सनाचा आकडा धरायचा. फादर येतील तेव्हा पुढच्या रविवारांची वाचनं त्यांच्याकडून वहीत उतरवून घेतलीत, तर हा हिशेबही नको.

आता काय करू नये. रोमने (म्हणजे व्हॅटिकनने) १९८८ मध्ये अशा रविवारांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. तिच्यानुसार विधी चालवणाऱ्याने धर्मगुरूंच्या आसनावर बसू नये, ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणू नये, मिस्सामधली भाकर-द्राक्षारसाची प्रार्थना तर अजिबात नको. शेवटी लोकांवर हात उभारून आशीर्वाद देऊ नये. ‘प्रभू आम्हांला आशीर्वाद देवो’ म्हणत सर्वांनी स्वतःवर क्रॉसची खूण करावी. ख्रिस्तशरीर (मिस्सात पवित्र केलेली भाकर) फक्त रीतसर नेमलेली व्यक्तीच देऊ शकते. प्रवचन मनाने रचू नका. फादरांनी लिहून दिलेलं वाचा. ते नसेल तर शुभवर्तमान पुन्हा एकदा वाचून गप्प बसा, तेवढं खूप आहे.

प्रश्न : बाळ अपुऱ्या दिवसांचं, काचेच्या पेटीत. फादर पोचेपर्यंत वाचेल की नाही सांगता येत नाही. बाप्तिस्मा कोणी द्यावा?
– एक वाचिका, ता. आरमोरी

उत्तर : अशा वेळी कोणीही देऊ शकतं. आई, आजी, नर्स, अगदी ख्रिस्ती नसलेली व्यक्तीसुद्धा, फक्त चर्चला जे करायचं असतं तेच करण्याचा हेतू हवा. साधं स्वच्छ पाणी घ्या. दूध, गुलाबपाणी चालत नाही. नर्सला विचारून ड्रॉपरने कपाळावर थोडं थोडं, तीनदा सोडा. पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे, दुपट्यावर शिंपडून उपयोग नाही. जो पाणी घालतो त्यानेच त्याच वेळी म्हणायचं : ‘(नाव), मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो (किंवा देते).’ घरचे सगळे जमले की ‘आम्ही देतो’ म्हणावंसं वाटतं. तसं म्हटलं तर बाप्तिस्मा होतच नाही, रोमने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. एक साक्षीदार ठेवा. तारीख, जागा, नावं कागदावर लिहून फादरांना द्या, म्हणजे नोंदवहीत चढेल. बाळ सुखरूप घरी आलं की चर्चमध्ये राहिलेले विधी होतात. पाणी पुन्हा घालायचं नसतं.

प्रश्न : गुड फ्रायडेला मोहफुलं वेचायला पहाटेच रानात जावं लागतं. निर्जळी उपास झेपत नाही. साबुदाणा चालेल का?

उत्तर : निर्जळी कोणीच सांगितलेलं नाही. पाणी हवं तितकं प्या. चर्चच्या उपासात पदार्थ बदलायचे नसतात, खाणं कमी करायचं असतं : एकदा पोटभर, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि मांस नाही. वरण-भात, भाकरी, मासळी, अंडं चालतं. साबुदाण्याची दोन ताटं मात्र उपास ठरत नाहीत. राखेचा बुधवार (ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडेचा हा नियम १८ पूर्ण ते ५९ वर्षांपर्यंत. मांस वर्ज्य करणं १४ पासून पुढे. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांना उपासातून सूट आहे. उन्हात राबणाऱ्यालाही, खरंच झेपत नसेल तर, आहे. फादरांशी बोलून त्याऐवजी दुसरं प्रायश्चित्त घ्या. फुलं वेचून झाल्यावर दुपारी ३ च्या सुमारास होणारा येशूच्या दुःखसहनाचा विधी तेवढा चुकवू नका.