मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे. पुढच्या शिष्यवृत्त्या आणि सीईटीची तयारी आत्तापासून कशी करावी?

ताई, सीईटीचा क्लास आत्ता लावू नका. आधी आठवीतली एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतल्या हुशार मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यांसमोर ठेवा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं ती देऊ शकतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यातून पुस्तकं, प्रवास, फॉर्मची फी असं बरंच काही भागतं.

दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटं. शालेय क्षमतेच्या पेपरात विज्ञान, समाजशास्त्र, गणित येतं, ते पाठ्यपुस्तकातूनच होतं. मुलं अडखळतात बौद्धिक क्षमतेत, कारण तो विषय शाळेत शिकवत नाहीत. उदाहरणार्थ ३, ७, १५, ३१, पुढे काय? दुप्पट करून एक मिळवायचा, म्हणून ६३. असे दहा प्रश्न रोज घड्याळ लावून सोडवून घ्या, आणि चुकलेल्याचं कारण तिलाच वहीत लिहू द्या. उत्तर तुम्ही सांगू नका.

उत्पन्नाचा दाखला वेळेत काढा. मुलीच्या नावाचं बँक खातं आधारशी जोडा. या कागदांपायी हुशार मुलांचे पैसे अडकतात, याचं फार वाईट वाटतं. सातवीत ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५०), तेही पाहा.

सीईटीचं अकरावीला बघू. तोवर अपूर्णांक, गुणोत्तर, बीजगणित पक्कं असू द्या.