ऐच्छिक-अनैच्छिकच्या घोळात पडू नकोस
मेंदू-मज्जारज्जूचे हुकूम शरीराला पोचवणाऱ्या नसांचे दोन भाग: सोमॅटिक आणि ऑटोनॉमिक. ‘सोमॅटिक म्हणजे ऐच्छिक, ऑटोनॉमिक म्हणजे अनैच्छिक’ असं पाठ केलं असशील तर आधी विसर. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी बसली की पाय उडतो, तुला न विचारता; तरी ते काम सोमॅटिकचंच. तू वायरिंग बघ. सोमॅटिकमध्ये मज्जारज्जूतून निघालेला एकच न्यूरॉन (चेतापेशी) थेट हाडांच्या स्नायूपर्यंत पोचतो. ऑटोनॉमिकमध्ये दोन, मध्ये गँग्लियॉनचा (चेतापेशींच्या गुच्छाचा) थांबा, मग हृदय, ग्रंथी, आतडी. सिंपथेटिक म्हणजे ऑटोनॉमिकचा ‘लढा किंवा पळा’वाला भाग; त्याचा दुसरा न्यूरॉन निरोपाचं रसायन म्हणून बहुधा नॉरअ‍ॅड्रिनॅलिन सोडतो, पण घामाच्या ग्रंथींवर अ‍ॅसिटिलकोलिन! तोंडी परीक्षेत मी इथेच आपटलो होतो. आणि श्वास? डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू, झोपेतही हलतो, पण त्याला हलवणारी फ्रेनिक नर्व्ह सोमॅटिक आहे.