वडशाच्या कंपनीत जाऊ की नको?

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

टीबीची थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, सहा महिन्यांच्या गोळ्या संपल्या, तरी घराबाहेर पडवत नाही, असं लिहिलंस. आणि अगदी शेवटी, जाता जाता, वडशाच्या नाटक कंपनीतल्या त्या ऑर्गनवाल्या काकांचं: 'यंदा सीझनला माझ्यासंगं चल, लाइट सांभाळ.' खरा प्रश्न हाच होता, आणि तो तू शेवटच्या ओळीत दडवलास.

जा.

एमपीएससीची पुस्तकं वाचणारा पोरगा आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत ऑर्गन वाजवणारा पाचवी शिकलेला माणूस, ही काय जोडी, असं घरचे म्हणतात. म्हणू दे. तुला ताप होता तेव्हा खाटेजवळ बसून नाटकातल्या गमती सांगणारा तोच होता ना?

मलाही निवृत्तीनंतर टीबी झाला होता. औषध लागू पडून चांगले काही महिने लोटले, तरी लोक दारातूनच विचारायचे, 'कसं वाटते गुर्जी?' त्या प्रश्नानंच माणूस पुन्हा आजारी पडतो. गावच्या मालगुजारी तलावाच्या, म्हणजे मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या, पाळीवर मी एकटाच जाऊन बसायचो. तिथला एक ढिवर, मासे धरणारा, डोंग्यातून (होडीतून) ओरडला, "नुसते पाहूनच राहिले का जी? दोर धरा ना!" मी माळकरी, आमच्या घरात मासोळीचं नावही नाही. पण जाळ्याचा दोर धरला. धाप लागली, तर तो म्हणाला, "बसा घटकाभर, मंग धरा." सुट्टी काही दिली नाही.

त्याच्याकडून जे शिकलो ते शाळेत कधी शिकवलं नव्हतं. काठावरचं बेशरम हे तण उपटायचं, कारण ते पसरलं की तलाव आक्रसतो. पाण्यातल्या देशी वनस्पती मात्र जपायच्या, मासोळीला अंडी घालायला तिथंच आडोसा मिळतो. मरळ मासोळी कुठं दबा धरते, शिंगाड्याचे वेल कधी लावायचे, सगळं त्याला तोंडपाठ. मासे मी आजही खात नाही, आणि त्यानं कधी आग्रहही केला नाही.

आता तुझ्या जाण्याचं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडशाच्या कंपन्यांना उसंत नसते. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. तेव्हा दिवसा झोप काढायचीच, रिहर्सल असली तरी. जेवण चुकवायचं नाही. बिडीच्या धुरात बसू नकोस, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा तर हातातही धरू नकोस. जागरणासाठी घ्या म्हणून देणारे पुष्कळ भेटतील. पहिले काही दिवस जड पेट्या उचलू नकोस, तारा जोडायला शिक. कंपनीच्या मालकाला आजाराचं आधीच सांग. लपवलेली गोष्ट गाडीत चार जणांत फुटली की जास्त लागते.

औषध संपल्यावरही दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणी असते. ती तारीख कंपनीच्या तारखांआधी लिहून ठेव. मधे खोकला लांबला, ताप आला किंवा वजन उतरलं, तर त्या तारखेची वाट पाहू नकोस, लगेच दवाखाना गाठ.

पुस्तकं सोबत ने. दुपारी दोन तास वाचून झाले तरी पुष्कळ.

अर्जुनीकडे प्रयोग लागला की कळव. ढिवरभाऊ आणि मी दोघंही येऊ. तो पुढं बसून पहाटेपर्यंत जागेल. मी मध्यंतरानंतर डुलक्या घेईन, आधीच सांगून ठेवतो.

तुझा,
गुरुजी